वरसईचे विष्णुभट गोडसे : उद्ध्वस्त नगरीचे चित्रकार

जबलपुरात राहणाऱ्या माणसाला झाशीच्या राणीची ओळख करून द्यावी लागत नाही. ज्यांच्या कवितेने राणी लक्ष्मीबाई हिंदी प्रदेशातील घराघरांत पोहोचली, त्या सुभद्राकुमारी चौहान याच शहरातल्या. आपल्या मराठी घरांतील मुलांनीही ती कविता शाळेत तोंडपाठ केलेली असते. कविता शौर्याची आहे आणि तिचे मोल मोठे आहे. परंतु लहानपणापासून माझ्या मनात एक प्रश्न असे. राणी रात्री घोड्यावर बसून किल्ल्याबाहेर पडली. मग मागे राहिलेल्या झाशीचे काय झाले? ज्यांच्यापाशी घोडा नव्हता, तलवार नव्हती, त्या माणसांवर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणती वेळ आली?

या प्रश्नाचे उत्तर पुढे मला एका मराठी पुस्तकात मिळाले. ते लिहिणारा मनुष्य कवी नव्हता, इतिहासकार नव्हता, सैनिकही नव्हता. तो कोकणातील एक कर्जबाजारी भिक्षुक होता. विष्णुभट गोडसे हे त्यांचे नाव आणि ‘माझा प्रवास’ हे त्यांच्या ग्रंथाचे. मी सरकारी नोकरीत फायली हाताळण्यात आयुष्य घालविलेला मनुष्य. साहित्याचा अधिकारी अभ्यासक नव्हे. तथापि मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याची आज्ञा झाली तेव्हा या भटजींचे चरित्रच डोळ्यांपुढे आले. ओसाड पडलेल्या नगराचे, संहारानंतरच्या दिवसांचे चित्र शब्दांत कसे उभे करावे, याचा धडा त्यांच्याइतका साधेपणाने आपल्या भाषेत क्वचितच कोणी दिला असेल.

विष्णुभटांचा जन्म १८२७ च्या सुमाराचा. पेणजवळील वरसई हे त्यांचे गाव. पेशवाई बुडून तेव्हा नऊ-दहा वर्षे झाली होती. पेशवाईबरोबर दक्षिणा, वर्षासने आणि श्रीमंत यजमानांचा आश्रयही आटला होता. विद्या होती, कुळाचार होता. पैसा मात्र नव्हता. घरावर कर्ज चढले होते आणि ते फेडण्याचा मार्ग वरसईत दिसत नव्हता. अशा वेळी बातमी आली की, दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी बायजाबाईसाहेब मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून त्यात लाखो रुपयांचा दानधर्म होणार आहे. तिशीत आलेल्या विष्णुभटांनी जाण्याचा निश्चय केला. वडिलांचे मन धजेना; पण काका रामभट बरोबर निघाले आणि परवानगी मिळाली. अशा रीतीने १८५७ च्या प्रारंभी हे काका-पुतणे उत्तर हिंदुस्थानच्या वाटेला लागले. दक्षिणा मिळवावी, कर्ज फेडावे आणि जमल्यास तीर्थयात्राही करावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

त्या काळचा प्रवास कसला, हे आज कल्पनेनेच जाणावे लागते. आपल्या जबलपुरात मुंबईकडील आणि कलकत्त्याकडील लोहमार्ग एकमेकांस मिळाले ते १८७० मध्ये. भटजींना माळवा आणि बुंदेलखंड पायांखाली घालावे लागले. महूच्या आसपास त्यांना वाटेत काही शिपाई भेटले आणि थोड्याच दिवसांत मोठा उत्पात होणार आहे, तेव्हा मागे फिरा, असा इशारा त्यांनी दिला. घरी कर्ज तसेच उभे होते. भटजी मागे फिरले नाहीत. पुढे इशारा खरा ठरला. बंडाच्या वणव्यात यज्ञाची गोष्ट मागे पडली आणि दानाच्या आशेने निघालेले हे दोन ब्राह्मण युद्धाच्या मध्यावर येऊन पोहोचले.

त्याच वर्षी आपल्या जबलपुरातही काय घडत होते, हे येथे सांगितले पाहिजे. गढा-मंडलाच्या गोंड राजवंशातील राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी येथे तोफेच्या तोंडी देण्यात आले. शत्रूच्या संहारासाठी देवीला आळवणारी कविता त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मानली गेली होती. शब्द लिहून ठेवणे हे त्या दिवसांत किती धोक्याचे होते, हे यावरून ध्यानात यावे. विष्णुभटांनी आपली हकीकत लिहावयास जो दीर्घ काळ घेतला, त्याचा विचार करताना ही घटना विसरून चालणार नाही.

ग्वाल्हेरहून काका-पुतणे झाशीस आले. झाशी हे तेव्हा मराठी माणसाला परके गाव नव्हते. नेवाळकर घराण्याच्या आश्रयाने तेथे अनेक दक्षिणी कुटुंबे स्थायिक झाली होती. विष्णुभटांना राणीच्या दरबारात प्रवेश मिळाला, धर्मकृत्ये मिळाली, दक्षिणा मिळाली. राणीचा दिनक्रम, तिचा व्यायाम, तिची घोड्याची पारख, तिचा पोशाख, दानधर्म, सणसमारंभ हे सारे त्यांनी जवळून पाहिले आणि मनात साठविले. भरल्या नगराचे हे वर्णन त्यांनी सावकाश केले आहे. ग्रंथ प्रथम वाचताना हा भाग थोडा लांबल्यासारखा वाटतो. पण पुढची पाने वाचली म्हणजे त्याचे प्रयोजन कळते. ज्या वाचकाने गाव नांदते पाहिले नाही, त्याला ते ओसाड झालेले कसे दिसणार? उद्ध्वस्त भिंतीचे दुःख त्या भिंतीत कोण राहत होते हे ठाऊक असल्यावाचून होत नाही. भटजींनी हे तत्त्व कोणत्या ग्रंथात वाचले नव्हते. त्यांनी पाहिले त्या क्रमाने सांगितले, इतकेच.

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोझ यांची फौज झाशीपुढे येऊन उभी राहिली. वेढा पडला, तोफांचा मारा सुरू झाला. राणीच्या साहाय्यास आलेल्या तात्या टोप्यांचा बेतवेच्या काठी पराभव झाला. ३ एप्रिल रोजी इंग्रजी फौज तटावर चढून शहरात घुसली. त्यानंतर राणी रात्रीच्या अंधारात किल्ल्याबाहेर पडली आणि काल्पीच्या दिशेने गेली. इतिहासाची पुस्तके येथून राणीबरोबर पुढे जातात. विष्णुभट जाऊ शकले नाहीत. ते शहरातच होते.

त्यांच्या ग्रंथाचा गाभा येथे सुरू होतो. सरसकट कत्तलीला त्या काळी बिजन म्हणत, आणि भटजींनीही तोच शब्द वापरला आहे. गोरे शिपाई गल्लीगल्लीतून आणि घराघरातून शिरले. समोर आलेल्या पुरुषाला ठार करीत ते पुढे गेले. हलवाईपुरा पेटविण्यात आला. माणसे गवताच्या गंजीत, तळघरात, विहिरीत, मिळेल त्या सांदीकोपऱ्यात लपली. काका-पुतणेही असेच दडून राहिले. वर चैत्रातील ऊन, घशाला कोरड, आणि बाहेर कोणाच्या पावलांचा आवाज येतो याकडे लागलेले कान, अशा स्थितीत त्यांचे ते दिवस गेले. जी दक्षिणा मिळविण्यासाठी घर सोडले होते ती शिपायांनी हिरावून घेतली. प्राण वाचले, हीच मोठी कमाई ठरली.

कत्तल थांबल्यावर लूट सुरू झाली. या लुटीचे वर्णन करताना भटजींनी जो क्रम दिला आहे तो मला नेहमी थक्क करतो. आधी सोने, चांदी आणि रोकड गेली. मग तांब्यापितळेची भांडी गेली. त्यानंतर कपड्यांची पाळी आली. शेवटी धान्य आणि उरलेसुरले सामान. एकेका दिवशी एकेका प्रकारचे लुटारू आले आणि एकेक थर सोलून घेऊन गेले. येथे रडारड नाही, मोठे विशेषण नाही. एखाद्या कारकुनाने सरकारी जिंदगीची यादी करावी तसे हे लिहिणे आहे. मी जन्मभर याद्या केल्या आहेत; यादीत इतके दुःख मावू शकते हे मला या पानांनी शिकविले. सोने गेले तर श्रीमंतांचे गेले असे म्हणता येते. भांडी आणि धान्य गेले म्हणजे घराची चूलच गेली. नगराचा नाश राजवाड्याच्या पडझडीवर मोजू नये, चुलीवर मोजावा, हे वाचकाला आपोआप उमगते.

पुढे प्रेतांचा प्रश्न आला. मृतांचे नातलग एक तर मेलेले, नाही तर पळालेले. रस्त्यात, घरात प्रेते पडलेली. सरण रचायला लाकूड आणावे कोठून? तेव्हा पडक्या घरांचेच लाकूडसामान काढून भर रस्त्यात, चौकात चिता पेटविण्यात आल्या. राहत्या घराचे लाकूड घरधन्याच्या सरणास लागले. शहरभर धूर आणि दुर्गंधी पसरली. भटजी हे सांगतात आणि पुढे जातात. त्यावर प्रवचन करीत नाहीत.

आणखी एक हानी त्यांच्या मनाला विशेष लागली. झाशीच्या राजवाड्यात एक मोठा ग्रंथसंग्रह होता. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी ठिकठिकाणांहून पोथ्या मिळवून, नकला करवून तो वाढविला होता. दूरदूरचे विद्वान तो पाहावयास येत. लुटीच्या दिवसांत तो नष्ट झाला. पोथ्यांची पाने इतस्ततः फेकली गेली. आपले पैसे गेल्याचे भटजी जितक्या तपशिलाने सांगतात, तितक्याच कळकळीने या पोथ्यांची गोष्ट सांगतात. ज्याचे सारे भांडवल पाठांतर आणि पोथी हेच, त्या माणसाला हे दृश्य कसे वाटले असेल याची कल्पना करावी. त्यांनी दाखविलेल्या भग्नावशेषांत दगड-विटांबरोबर विद्येचेही अवशेष आहेत.

झाशीतून निसटून काका-पुतणे काल्पीच्या वाटेला लागले. त्या वाटेवरील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पहाटेच्या सुमारास एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, पुरुषी वेषातील राणी तहानलेल्या अवस्थेत त्यांना भेटली. भटजी पाणी शेंदून देण्यास पुढे झाले. परंतु विद्वान ब्राह्मणाकडून हे काम करून घेणे तिला रुचले नाही. तिने स्वतःच मातीच्या भांड्याने पाणी काढले आणि ओंजळीने प्यायली. थोड्या दिवसांपूर्वी ज्यांनी तिला दरबारात रत्नालंकारांसह पाहिले होते, त्यांनीच तिला येथे विहिरीच्या काठी पाहिले. राज्य बुडाले म्हणजे काय झाले, हे सांगण्यास या मातीच्या भांड्याहून अधिक काही लागत नाही. पुढे जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ राणी लढता लढता पडली.

भटजी चित्रकूटाकडे गेले. त्या सुमारास त्या मुलखात व्हिटलॉक यांची मद्रासी फौज फिरत होती. ही फौज कामठीहून निघून आपल्या जबलपुरावरूनच पुढे गेली होती. तिने बांदा घेतले आणि कर्वीच्या मराठी जहागीरदारांचा खजिना प्रतिकाराशिवाय हस्तगत केला. अशा धामधुमीतून वाट काढीत, पुन्हा पुन्हा नागवले जात, मिळेल तेथे भिक्षा मागत भटजींनी तीर्थयात्रा मात्र सोडली नाही. काशीहून त्यांनी गंगोदकाची कावड खांद्यावर घेतली आणि ती घेऊन ते पायी वरसईस परतले. निघाल्याला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. कर्ज फेडण्यासाठी निघालेला पुत्र द्रव्य घेऊन आला नाही. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगा घेऊन आला. घरच्यांनी त्यांची आशा जवळजवळ सोडली होती.

यानंतर सुमारे पाव शतक भटजींनी काही लिहिले नाही. गावी राहून ते भिक्षुकी करीत होते. कल्याणच्या वैद्य घराण्याशी त्यांचा यजमान-उपाध्याय असा संबंध होता. त्या घरातील तरुण चिंतामण विनायक वैद्य यांनी, जे पुढे भारताचार्य म्हणून विख्यात झाले, भटजींना ही हकीकत लिहून काढण्याचा आग्रह केला. १८८३ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, विष्णुभटांनी ती लिहिली. राज्य इंग्रजांचे होते आणि १८५७ चे नाव काढणेही जोखमीचे होते. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९०७ मध्ये. तेव्हा भटजी या जगात नव्हते.

आपत्ती आणि तिचे चित्र यांच्यामध्ये असा काळ जाणे ही केवळ भटजींचीच कथा नव्हे. स्पेनचा थोर चित्रकार गोया याने नेपोलियनच्या स्वारीनंतरच्या दुर्दशेची जी चित्रमालिका कोरली, ती त्याच्या हयातीत बाहेर आली नाही. तो १८२८ मध्ये वारला आणि मालिका १८६३ मध्ये छापली गेली. याच्या उलट उदाहरण दिल्लीच्या मिर्झा गालिबांचे. त्यांनी ‘दस्तंबू’ हा बंडाविषयीचा फारसी ग्रंथ १८५८ मध्येच प्रसिद्ध केला. पण त्यात विजेत्यांची मर्जी राखण्याची चिंता आहे. उजाड दिल्लीचे त्यांचे खरे दुःख मित्रांना लिहिलेल्या खासगी पत्रांत सापडते. खरे लिहावयाचे तर विलंब पत्करावा लागतो, नाही तर आडोसा शोधावा लागतो.

त्याच १८५८ सालचे आणखी एक चित्र येथे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. फेलिचे बियातो नावाचा छायाचित्रकार बंडाच्या खुणा टिपण्यासाठी हिंदुस्थानात आला. लखनौच्या सिकंदरबागेचे त्याचे छायाचित्र जगभर गाजले. त्यात तोफांनी भग्न झालेली इमारत असून पुढच्या अंगणात मानवी हाडे विखुरलेली दिसतात. तेथील लढाई १८५७ च्या नोव्हेंबरात झाली होती. छायाचित्र काही महिन्यांनंतरचे. परिणाम साधावा म्हणून हाडे मुद्दाम उकरून मांडली असावीत, असे अभ्यासक मानतात. छायाचित्र निर्विवाद प्रभावी आहे. पण ती हाडे कोणाची, त्यांना कोणी होते की नाही, याचा त्यात मागमूस नाही. विजेत्याने ते लांबून, सावकाश पाहावे अशा रीतीने ते मांडले आहे. विष्णुभटांच्या झाशीत असे लांबून पाहणे शक्यच नाही, कारण सांगणारा स्वतः त्या पडक्या घरात दडून बसलेला आहे. तेथील अवशेषांत माणसे जिवंत आहेत, तहानलेली आहेत, भांडे शोधीत आहेत. या दोन चित्रांतील भेद मला फार मोलाचा वाटतो. नाशाचे चित्र माणसाला वगळून काढले की त्याचा देखावा होतो. माणसासह काढले तर ती साक्ष होते.

भटजींची साक्ष सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. बंडाची कारणे, राजेरजवाड्यांच्या मसलती, दूरच्या लढाया यांविषयी त्यांनी जे लिहिले ते बव्हंशी ऐकीव आहे आणि त्यावर विसंबता येत नाही. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिल्यामुळे तिथी-मितींचा गोंधळही आहे. त्यांच्या काळाचे आणि जातीचे पूर्वग्रह त्यांच्यात होते. परंतु जे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, ते सांगताना त्यांची लेखणी अडखळत नाही. ऐकलेले आणि पाहिलेले यांतील हे अंतर वाचकालाही सहज जाणवते.

या ग्रंथाच्या नशिबी आणखी एक फेरा होता. वैद्यांनी तो छापताना भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला, काही जोडला. त्यांच्या प्रयत्नावाचून हे लेखन बहुधा वरसईतच नाहीसे झाले असते. तेव्हा त्यांचे ऋण मोठेच. तथापि जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकांनी जे वाचले ते भटजींचे शब्द जसेच्या तसे नव्हते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले होते. त्याच्या आधारे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा भटजींचा स्वतःचा ओबडधोबड, बोलका आवाज प्रथमच लोकांच्या कानी आला. पडलेल्या वास्तूची डागडुजी करताना तिचे मूळ रूप पुसले जाऊ नये, हा नियम ग्रंथांनाही लागू आहे. अमृतलाल नागरांसारख्या थोर लेखकाने हा ग्रंथ हिंदीत आणला, पुढे तो इंग्रजीतही गेला. आता झाशीचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही वरसईच्या भिक्षुकाला वगळता येत नाही.

शेवटी एक घरची आठवण. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मी तेव्हा तरुण होतो, नोकरीला नुकताच लागलो होतो. पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत पडलेल्या भिंतींची, तडे गेलेल्या इमारतींची छायाचित्रे येत राहिली. ती सारी मी विसरलो. विसरलो नाही ते एवढेच की, सकाळी आमच्या गल्लीत एक वृद्ध शेजारीण पडक्या ओट्यावर सूप घेऊन बसली होती आणि वर्षाच्या गव्हातून चुन्याचे खडे निवडीत होती. तिच्याशी कोणी बोलत नव्हते आणि तीही कोणाशी बोलत नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी विष्णुभटांच्या ग्रंथात धान्य लुटून नेल्याची हकीकत वाचली, तेव्हा ते सूप एकदम डोळ्यांपुढे आले. ती आजी आज हयात नाही. तिच्या त्या सकाळीची नोंद कोठेही नाही. मीही आज प्रथमच ती लिहीत आहे.

म्हणून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना एक नम्र विनंती करावीशी वाटते. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून आपल्या ग्रंथालयात एक जाड, कोरी वही ठेवावी. ज्या वडीलधाऱ्या मंडळींनी भूकंप, पूर, साथ, स्थलांतर असे जे काही स्वतः पाहिले असेल, ते त्यांनी आपल्या शब्दांत तीत लिहावे. लिहिता येत नसेल त्यांच्याकडून तरुणांनी लिहून घ्यावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये आणि कोणी ते सुधारूही नये. वरसईहून निघालेल्या एका गरीब माणसाला कोणी तरी आग्रह केला, म्हणून झाशी आपल्याला दिसली. तो आग्रह करण्यास १८८३ मध्ये उशीर झालेला नव्हता. आपल्याकडे वेळ किती उरला आहे, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरातील वृद्धांकडे पाहून करावा.

विष्णुभट गोडसे यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.